अशिलाचा पत्ता

आमचे सर दिवाणी वकील. फौजदारी नव्हेत, आणि पुढची सगळी हकिगत या फरकातूनच निघते. फौजदारी वकिलाला घाई असते, कारण त्याचं अशील कोठडीत बसलेलं असतं. दिवाणी वकिलाचं अशील आपापल्या घरी बसलेलं असतं. बांधाचा दावा आजोबा लावतात, निकाल नातू ऐकतो आणि अपील पणतू करतो. या धंद्यात केस पिकलेला माणूस साठीच्या तोंडावर पक्ष्यांचे फोटो काढायला लागला, तेव्हा नाशिकच्या कोर्टाच्या आवारात बऱ्याच जणांनी तोंडात बोटं घातली. मला काही विशेष वाटलं नाही. सकाळी लवकर जायचं, दिवसभर बसायचं, काहीच घडत नाही हे बघायचं आणि पुढची तारीख घेऊन परत यायचं, हे सर आयुष्यभर करतच आले होते. इथे प्रतिवादी उडून जायचा, एवढंच.

मी त्यांचा ज्युनियर. आधी ब्रीफ उचलायचो, मग ट्रायपॉड उचलायला लागलो. वजनात फार फरक नाही. ट्रायपॉडच्या तीन प्रती काढून आणाव्या लागत नाहीत, हा त्यातला फायदा.

कॅमेरा घरात आला तो मुळात कामासाठी. सामाईक भिंतीवर अतिक्रमण झाल्याचा एक दावा होता, आणि जागेचे फोटो सरांनी स्वतः काढले. त्यातल्या एका फोटोत नेमका भिंतीवर नीलपंख येऊन बसला. त्याच्या गळ्यावरच्या पांढुरक्या रेघा मोजून घ्याव्यात इतका तो फोटो सुंदर आला होता. भिंत मात्र पार धुरकट. समोरच्या वकिलांनी उठून हरकत घेतली की, सदर छायाचित्रात निर्विवाद अशी एकच गोष्ट दिसते आणि ती दाव्याची मिळकत नाही. कोर्टसुद्धा हसलं. तो दावा अजून चालू आहे. सरांचं लक्ष मात्र त्या दिवशी भिंतीवरून उडालं ते उडालंच.

पुढच्या पायऱ्या या छंदातल्या सगळ्यांच्या सारख्याच असतात. आधी साधी लेन्स, मग जरा लांब, मग आणखी लांब, आणि शेवटी ती 600 मिलिमीटरची तोफ. वजन तीन किलोच्या आसपास आणि किंमत दहा लाखांच्या पुढे. कोर्ट फी वाचावी म्हणून दाव्याचं मूल्यांकन कमी दाखवायची कला दिवाणी वकिलांच्या अंगवळणी पडलेली असते. लेन्सच्या बाबतीत सरांनी ती घरी वापरली. पुढे विम्याचा कागद पोस्टानं आला आणि त्यावर खरा आकडा होता. काकूंनी तो वाचला, चार घड्या घातल्या आणि देवघरात ठेवून दिला. अजून तो तिथेच आहे. मूळ दस्त कुठे सांभाळायचा असतो, हे वकिलाच्या बायकोला शिकवावं लागत नाही.

काकूंच्या संसाराला या छंदाची झळ लागली ती मटकीच्या निमित्तानं. एवढी जड लेन्स गाडीच्या खिडकीवर किंवा जमिनीवर टेकवायची तर खाली बीन बॅग लागते. ती बाजारात रिकामी मिळते, आत काय भरायचं ते ज्यानं त्यानं ठरवायचं. परदेशात लोक काय भरतात कोण जाणे, सरांनी डब्यातली दोन किलो मटकी भरली. नदीकाठच्या चिखलात सकाळभर ती भिजली, मग गाडीच्या डिकीत बंद झाली. तिसऱ्या दिवशी पिशवीला मोड आले. आता नाशिकच्या बाईला मोड आलेल्या मटकीचं काय करायचं हे सांगायला नको, पण या मटकीला गोदावरीचा वास होता. काकूंनी ती झाडांना घातली आणि पिशवीत वाळू भरून आणली. शार्पनेस कमी झाला, अशी सरांची तेव्हापासून तक्रार आहे.

सरांचं मुख्य न्यायालय म्हणजे नांदूर मध्यमेश्वर. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा जिथे भेटतात, तिथे इंग्रजांच्या काळात शेतीच्या पाण्यासाठी बंधारा घातला गेला. पुढे त्यात गाळ साचत गेला, पाणी उथळ झालं, मध्येमध्ये बेटं वर आली आणि पाणवनस्पती माजल्या. पाटबंधारे खात्याच्या हिशेबात ते नुकसान. पक्ष्यांनी मात्र तिथे वहिवाट सुरू केली आणि ती इतकी वर्षं निर्वेध चालली की 1986 साली सरकारनं ती जागा अभयारण्य म्हणून त्यांच्या नावावर करून दिली. 2020 मध्ये ती महाराष्ट्रातली पहिली रामसर पाणथळ जागा ठरली. सर हे सगळं अशा आवेशात सांगतात, की पक्ष्यांच्या बाजूनं वकीलपत्र त्यांनीच दाखल केलं होतं असं नवख्याला वाटावं.

हिवाळ्यात निफाडचं तापमान राज्यात सगळ्यात खाली जातं, हे पेपरात दरवर्षी छापून येतं. अशा पहाटे द्राक्षवाले बागांमध्ये शेकोट्या पेटवत असतात, आणि त्याच पहाटे आमचे सर शेकोटीपासून लांब, ओल्या काठावर पालथे पडलेले असतात. पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवर आलं की फोटोला इभ्रत येते, असं शास्त्र आहे. शेकाट्याचे पाय लांब आहेत म्हणून तिथे जरा तरी मान वर ठेवता येते. तुतारीसाठी हनुवटी चिखलात रुतवावी लागते. अंगात हिरवे-तपकिरी ठिपके असलेला पोशाख, डोक्यावर तसलीच टोपी, तोंडाला तसलंच फडकं. हा पोशाख पक्ष्यांनी ओळखू नये म्हणून असतो. पक्षी तो पहिल्याच दिवशी ओळखतात. फसतात ती गावातली कुत्री. त्यांना सरांचा माणूस म्हणून अंदाजच येत नाही, आणि न्यायालयापुढे कधी न डगमगलेला हा मनुष्य लेन्स छातीशी धरून बांध ओलांडताना मी पाहिला आहे.

एकदा एका द्राक्षवाल्यानं हटकलं. त्याच्या बागेवर भोरड्यांची धाड पडलेली. हे पक्षी मध्य आशियाकडून हजारांच्या थव्यांनी येतात, संध्याकाळी आकाशात त्यांचे जे आकार होतात ते बघायला लोक गाड्या काढून येतात, आणि दिवसा ते जे खातात ते शेतकऱ्याचं असतं.

"काय करताय हो इथं पडून?"

"भोरड्यांची वाट बघतोय."

"मी रोज माणूस लावून त्यांना हाकलतो, फटाके फोडतो, अन् तुम्ही त्यांची वाट बघताय? मग असं करा, घेऊनच जा ना सगळ्या."

सरांनी त्याला पीक नुकसानभरपाईच्या अर्जाची पद्धत समजावून सांगितली, फी न घेता. त्यानं दोन पेट्या द्राक्षं गाडीत ठेवली. त्या दिवशी भोरड्यांचा एकही फोटो धड आला नाही, पण सर खूश होते. छंदातून उत्पन्न झाल्याचा तो आजवरचा एकमेव प्रसंग.

नीतीच्या बाबतीत सर कडक, आणि इथे मी त्यांच्या बाजूनं उभा आहे. त्र्यंबकच्या जंगलात पावसाच्या तोंडावर एक तरुण ब्लूटूथ स्पीकर लावून नवरंगाचा आवाज वाजवत बसला होता. आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असं वाटून बिचारा खरा नवरंग धावून येतो, चहूकडे शोधतो, घसा कोरडा करतो. त्याला खाणं आणि घरटं सोडून हा नसता खटला लढावा लागतो. सर त्या तरुणाजवळ गेले आणि म्हणाले, "ही तोतयागिरी आहे." तो म्हणाला, "काका, सगळेच करतात." मग सरांनी उभ्या उभ्या 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातलं कलम 2(16) ऐकवलं. त्यात शिकारीची व्याख्या आहे. मारणं, पकडणं, सापळा लावणं, आमिष दाखवणं तर त्यात येतंच. रानपक्ष्याच्या अंड्यांना किंवा घरट्याला नुसता उपद्रव देणं हीसुद्धा कायद्याच्या लेखी शिकार आहे. "आता तुझ्या गळ्यात काय लटकतंय, कॅमेरा की बंदूक, ते तूच ठरव," असं म्हणून सर वळले. स्पीकर बंद झाला. पोरगा भेदरला कलमाला की ठिपक्यांच्या पोशाखातल्या माणसाला, ते कळायला मार्ग नाही.

आमच्या पक्षीवेड्या मंडळींपैकी एक निवृत्त प्राध्यापक यावर नेहमी लोथरचा दाखला काढतात. ई. एच. एन. लोथर हा रेल्वेतला साहेब. भारतातल्या पक्ष्यांच्या छायाचित्रणावर त्याचं पुस्तक 1949 मध्ये आलं, आणि त्यातले बहुतेक फोटो घरट्यांवरचे आहेत. सर तो दाखला एका वाक्यात उडवतात: तेव्हाच्या अवजड कॅमेऱ्यापुढे पक्षी एका जागी सापडायचा तो घरट्यावरच, परिस्थिती बदलली, सबब दाखला गैरलागू.

पण कायदा आणि नीती यांच्या आडोशाला माणसं काय काय लपवतात! सरांच्या बाबतीत ती गोष्ट म्हणजे पत्ता. दुर्मीळ पक्ष्याचा ठिकाणा फोडला की रविवारी तिथे चाळीस गाड्या उभ्या राहतात, घरटं उठतं, पक्षी जागा सोडतो. हे खरं आहे, आणि म्हणून ठिकाणा सांगायचा नाही हा नियम चांगला आहे. पण तो घुबडाला लावायचा की वंचकाला? वंचक महाराष्ट्रातल्या प्रत्येक डबक्यावर उभा असतो. सर वंचकाच्या फोटोखालीही "नाशिक जिल्हा" एवढंच लिहितात. नाशिक जिल्हा साडेपंधरा हजार चौरस किलोमीटरचा आहे. कुणी ग्रुपवर खोलात जाऊन विचारलंच तर उत्तर ठरलेलं: "अशिलाचा पत्ता आम्ही कुणाला देत नसतो."

विचारणारेही काही कमी नाहीत. फोटोतल्या बाभळीच्या फांदीचा दुबेळका ओळखून जागा हुडकणारा एक दंतवैद्य आमच्यात आहे. दुसऱ्या एकानं सरांची गाडी चांदोरीच्या मिसळवाल्यापुढे उभी पाहिली आणि दुसऱ्या दिवशी अख्खी टोळी गोदाकाठी हजर. तेव्हापासून सरांनी खबरदारी वाढवली आहे. पक्षी सायखेड्याकडे असेल तर मिसळ गंगापूर रोडला खायची. पक्षी गंगापूर धरणावर असेल तर मिसळ खायला उलट निफाडकडे. एका दुर्मीळ बदकापायी आम्ही सबंध शहर ओलांडून तर्री प्यायला गेल्याचं मला आठवतं. या सगळ्यात जितकं पेट्रोल जळतं तितक्यात बदकच घरी येऊन भेटून गेलं असतं.

सरांच्या फोटोंविषयी माझं एक मत आहे. ते मी त्यांच्या ऑफिसात कधी बोललो नाही, इथे बोलतो. त्यांचा एक चित्रबलाक सगळीकडे गाजला. गुलाबी पिसं, पिवळी चोच आणि मागे मऊ, एकसारखा, स्वप्नातला असावा असा हिरवा रंग. मी तिथे होतो. तो हिरवा रंग शेडनेटचा. डाव्या हाताला पाण्याचा पंप धडधडत होता, उजवीकडे ट्रॅक्टरवर गाणी चालू होती, पक्ष्याच्या पायांशी गुटख्याच्या पुड्या आणि जलपर्णी होती. बाकी सगळ्याचा धूर करून पक्षी तेवढा धारदार ठेवणं हेच त्या महागड्या भिंगाचं काम. दहा लाख रुपये पक्षी दिसावा म्हणून मोजलेले नसतात, पंप दिसू नये म्हणून मोजलेले असतात. मला तर पंपासकटचा चित्रबलाक जास्त मोठा वाटतो. तेवढ्या गोंगाटात एका पायावर उभं राहून मासे धरायचे, हे मला कोर्टाच्या बार रूममध्येसुद्धा जमणार नाही. पण सरांचं म्हणणं, असंबद्ध पुरावा वगळावाच लागतो.

खरा न्यायनिवाडा रात्री होतो. कॅमेरा सेकंदाला वीस फोटो टिपतो. कवड्या धीवर पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबला, सूर मारून परत वर आला, की घरी यायला पाचशे फोटो झाले. भोवत्या घिरट्या घालत आला आणि बदकांची सभा एकदम उठली, की आणखी हजार. जेवण झालं की सर संगणकापुढे बसतात आणि प्रकरणं एकेक करून पुकारली जातात. डोळा शार्प नाही: फेटाळला. मान पलीकडे वळलेली: फेटाळला. पंख कापला गेला: फेटाळला. मासा तोंडात आहे, पण माशाचा चेहरा दिसत नाही: राखून ठेवला. बाजू मांडायची संधी कुणालाच नाही. पहाटे दोनपर्यंत चार-पाच फोटो जिवंत राहतात. उरलेल्यांना कायमचं पुसायचं, तर ते धाडस होत नाही. अपिलात लागले तर? म्हणून हार्ड डिस्कवर हार्ड डिस्क चढत जाते. त्या ठेवायच्या कपाटात पूर्वी लॉ रिपोर्टरचे खंड असायचे. ते आता माझ्या घरी आहेत.

निसर्गदृश्यांकडे सर पावसाळ्यात वळतात. त्यांच्या वर्गीकरणात पक्षी ही जंगम मिळकत आणि डोंगर स्थावर. स्थावर मिळकत पळून जात नाही, या भरवशावर ते हरिश्चंद्रगडावर जातात, कोकणकड्याच्या टोकाला ट्रायपॉड रोवतात आणि ढग हटायची वाट बघतात. ढग हटत नाहीत. सरांकडे कोकणकड्याचं एक स्वतंत्र फोल्डर आहे. त्यात निरनिराळ्या वर्षांचे पांढरेशुभ्र आयत आहेत, प्रत्येकाला तारीख आहे, आणि यातला कुठला जास्त चांगला हे त्यांना विचारलं तर ते सकारण सांगतात.

गेल्या हिवाळ्यात मात्र एक प्रकरण झालं. नांदूरच्या बेटावर पट्टकादंबांचा थवा उतरला होता. राखी अंगाचे, डोक्यावर दोन काळे पट्टे ओढलेले हे हंसजातीचे पक्षी मंगोलिया-तिबेटकडून हिमालय ओलांडून येतात. त्यांच्यातला एखादा सात हजार मीटरच्याही वरून उडाल्याची नोंद शास्त्रज्ञांनी केलेली आहे. ऊन तिरपं, पाणी संथ, थव्यातला एक पक्षी बाजूला येऊन मान उंच करून उभा राहिला, आणि सरांनी उभ्या आयुष्यातला सर्वोत्तम फोटो काढला. संध्याकाळी तो पडद्यावर मोठा करून बघतात तर पक्ष्याच्या मानेत प्लास्टिकचा पट्टा.

"काय माणसं असतात! याच्या गळ्यात कुणीतरी पाइपचा तुकडा अडकवलाय," सर कळवळले. मग म्हणाले, "पुसता येईल?"

हल्ली सॉफ्टवेअरमध्ये काहीही पुसता येतं. पट्ट्याच्या जागी पिसं भरायला घेतली, आणि तेवढ्यात काकूंची भाची चहा घेऊन आत आली. ती प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करते. पडद्याकडे बघून ती जवळजवळ ओरडलीच. "काका, हे काय करताय? त्यावर अक्षरं आहेत, वाचा की!"

मंगोलियात संशोधक पट्टकादंबांच्या मानेत असे पट्टे घालतात. प्रत्येकावर वेगळी खूण असते, आणि ती दुर्बिणीतून किंवा लेन्समधून वाचता यावी म्हणूनच मोठी लिहिलेली असते. असे पक्षी महाराष्ट्रात आणि कर्नाटकात पूर्वी दिसलेले आहेत. कुणी खूण वाचून कळवली की तो कुठून निघाला, कुठे थांबला, किती वर्षं जगला, याची एकेक कडी जुळत जाते. थोडक्यात, पक्षी आपलं ओळखपत्र गळ्यात घालून हिमालय ओलांडून आला होता, आणि सर ते खोडायला बसले होते.

सरांचा चेहरा उतरला. आयुष्यभर कागदाच्या कोपऱ्यावरच्या खाडाखोडीवरून समोरच्याचा दावा उडवणारा माणूस! "पुरावा नष्ट करणे," ते हळूच म्हणाले. "भारतीय न्याय संहिता, कलम 238. जुनं 201." मग माझ्याकडे वळून, "मूळ फाइल आहे ना?" मूळ फाइल होती. काही न पुसण्याच्या सवयीचा तेवढा एक उपयोग झाला.

भाचीनं पत्ता शोधून दिला, सरांनी फोटो पाठवला, आणि आठवड्याभरात उत्तर आलं. अमुक तलावावर काही वर्षांपूर्वी पट्टा घातला. मधल्या एका हिवाळ्यात हाच पक्षी गदगजवळच्या मागडी तलावावर दिसला होता आणि तिथल्या कुणीतरी त्याचा फोटोही काढला होता. आपले मनःपूर्वक आभार. आता कृपया पक्षी दिसल्याची नेमकी जागा, अक्षांश-रेखांशासह कळवावी.

सरांनी ते दोनदा वाचलं. पहिला घाव मागडीचा. "म्हणजे आपल्याआधी कुणीतरी ताबा घेतलेला आहे," ते म्हणाले. दुसरा घाव अक्षांश-रेखांशांचा. त्यांनी उत्तर लिहिलं: "नाशिक जिल्हा." तिकडून फार नम्र पत्र आलं की जिल्हा नको, बिंदू हवा. भाची म्हणाली, "काका, ते मंगोलियात बसलेत. ते काय रविवारी गाडी घेऊन येणार आहेत का?" सर म्हणाले, "आज मंगोलियात आहे ते उद्या इंटरनेटवर असतं." हे त्यांचं म्हणणं खोटंही नाही. दोन दिवस ते बेचैन होते. एकीकडे पुरावा, दुसरीकडे अशील, आणि दोघांचंही वकीलपत्र यांच्याचकडे.

तोडगा त्यांना कोर्टातच सुचला. संवेदनशील माहिती न्यायालयाला सीलबंद लिफाफ्यात देतात. ईमेलला लिफाफा नसतो, हे मी निदर्शनास आणलं. मग त्यांनी अक्षांश-रेखांश स्वतःच्या हातानं कागदावर लिहिले, खाली सही केली, कागद पाकिटात घातला, लाख वितळवून पाकिटाला तीन ठिकाणी मोहोर केली, वर "गोपनीय" असं लिहिलं आणि माझ्यासह पोस्टात गेले.

खिडकीवरच्या बाईंनी पाकीट उलटंपालटं केलं. "परदेशी जायचंय का? आत काय आहे?"

"पत्ता," सर खालच्या आवाजात म्हणाले.

"अहो काका," बाई पाकीट परत सरकवत म्हणाल्या, "पत्ता बाहेरून लिहायचा असतो."